वाफेचा कारभार

दर आठवड्याला एका पानाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसणारे हे सदर दिवाळी अंकात जरा पाय पसरून बसते. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो, चकलीचा एखादा तुकडा पानावर सांडलेला असतो आणि वाचणाऱ्यालाही घाई नसते. तेव्हा आज सवडीने एका नव्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. पाहुण्याचे नाव स्टीमर.

स्टीमर म्हटले की कोकणातल्या वडीलधाऱ्या मंडळींना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट आठवते. आजोबा, ती नव्हे! ही बोट ओट्यावर नांगर टाकून असते. खाली पाण्याची टाकी, तिच्या पोटात विजेने तापणारी सळी, वर भोकाभोकांच्या दोन किंवा तीन परड्या, त्यांवर झाकण आणि बाजूला वेळेचे चक्र. पाणी ओतावे, परड्या भराव्यात, चक्र फिरवावे आणि घंटी वाजली की पाने घ्यावीत. दुकानदार एवढेच सांगतो. दिवाळीत तर तो आणखी एक वाक्य जोडतो, “साहेब, पाडव्याला वहिनींना घेऊन जा!” या वाक्याकडे आपण शेवटी वळू. आधी पाहुण्याचे गुणदोष पाहू.

हा पाहुणा कोणत्या घरी शोभेल, असा विचार करताना डोळ्यांसमोर वालीव येते. वसई रोडला पूर्वेकडे उतरून महामार्गाच्या दिशेने निघाले की गोखिवरे, सातिवली, वालीव असा लहान लहान कारखान्यांचा पट्टा लागतो. पूर्वेला तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर आणि त्याच्या अलीकडे पत्र्याच्या छपरांचे गाळे. २००९ साली येथे वसई-विरार महानगरपालिका आली, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. गावाचे शहर झाले आणि शहराबरोबर घड्याळही आले. एका घरातला एक जण वालीवच्या गाळ्यात पाळीला जातो, दुसरी विरारहून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधत अंधेरीला किंवा दादरला जाते, मुलांची शाळा सकाळची. पाणी येण्याची वेळ ठरलेली. या सगळ्यांचे डबे मात्र एकाच वेळी, एकाच ओट्यावर आणि बहुधा एकाच माणसाच्या हातून भरले जातात. अशा घरात सकाळची चाळीस मिनिटे म्हणजे सोन्याचा तुकडा. स्टीमरचा खरा प्रश्न चवीचा नाही, या चाळीस मिनिटांचा आहे.

आता कोणी म्हणेल, वाफेचे कौतुक आम्हाला काय सांगता? खरेच आहे. मराठी स्वयंपाकघराला वाफ नवी नाही. गणपतीतले उकडीचे मोदक, नागपंचमीला हळदीच्या पानात गुंडाळलेल्या पातोळ्या, अळूवडीचे उंडे, कोथिंबिरीच्या वड्या, फणसाच्या रसातली सांदणे ही सारी वाफेचीच लेकरे. आपल्याकडे मोदकपात्र होते, आणि ते नसेल तेथे पातेल्यात पाणी, त्यावर चाळणी आणि चाळणीवर ताट, असे घरगुती यंत्र होते. वसई, पालघर, डहाणूच्या पट्ट्यात थंडीत होणारी उकडहंडी घ्या. मडक्यात शेंगा, कंद, रताळी, वांगी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचे आणि मडक्याभोवती जाळ घालायचा. वरून पाण्याचा थेंब नाही. भाज्या आपल्याच अंगच्या ओलाव्यावर शिजतात. वाफेचे एवढे शहाणपण ज्या प्रांताला ठाऊक, त्याला बटणाच्या यंत्राने बिचकण्याचे कारण नाही.

फरक आहे तो पहाऱ्याचा. चाळणीवर मोदक ठेवले की बाईने तेथून हलायचे नाही. पाणी आटले का, आच मोठी झाली का, पातेले करपले का, हे पाहत उभे राहायचे. उकडहंडीला तर जाळाजवळ बसणारा माणूस लागतो. शिजवण्याचे काम वाफ करते, परंतु वाफेची राखण माणसाला करावी लागते. ही राखण कमी करण्याचा उद्योग गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे.

त्यातला आपल्या देशातला एक मोठा उद्योगी म्हणजे कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक. त्यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. बाहेरून उंच डबा, आत एकावर एक लहान डबे, तळाशी कोळशाची शेगडी. भात, डाळ, भाजी एकाच वेळी लावून द्यायची आणि आपल्या कामाला जायचे. प्रवासी, विद्यार्थी आणि एकटे राहणारे नोकरदार यांना तो फार सोयीचा वाटला. पुढे १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे प्रेशर कुकर आपल्या देशात बनू लागले आणि शिट्टी हा मराठी घरातला मोजमापाचा एकक झाला. “तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं,” हे वाक्य कोणत्या घरात ऐकू आले नाही?

याच काळात जपानात एक मोठी गोष्ट घडली. तोशिबा कंपनीने भात शिजवणारे विजेचे भांडे १९५५ साली बाजारात आणले. ते तयार करण्याचे काम योशितादा मिनामी यांच्या लहानशा कारखान्याकडे होते. पण भात कधी शिजतो आणि कधी करपतो, याची खरी पारख त्यांच्या पत्नीला, फुमिको यांना होती. तापमान मोजायचे, भात शिजवायचा, चाखायचा, पुन्हा शिजवायचा, असे प्रयोग त्यांनी घरी चिकाटीने चालवले. शेवटी निघालेली युक्ती साधी आहे. बाहेरच्या भांड्यात मोजके पाणी घालायचे. ते आटून संपले की तापमान शंभर अंशांच्या वर चढते, दोन धातूंची पट्टी उष्णतेने वाकते आणि वीज बंद होते. राखण करायला माणूस नको, पट्टी पुरे. पहाटे उठून चुलीशी बसणाऱ्या जपानी बाईला त्या पट्टीने थोडी झोप दिली. आजच्या बऱ्याच स्टीमरमध्ये पाणी संपल्यावर वीज तोडणारी जी सोय असते, ती याच कुळातली.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. पाणी शंभर अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकलो. पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी पुष्कळ उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. बर्फाइतक्या गार पाण्याला उकळीपर्यंत नेण्यास जी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून ही जास्त. वाफ गार मोदकावर बसून पुन्हा पाणी होते, तेव्हा ही सगळी उष्णता ती मोदकाला देऊन टाकते. म्हणून वाफ झटपट शिजवते, आणि म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. दोन्ही गोष्टींचे कारण एकच.

आपल्या पालघर जिल्ह्यातच या वाफेचा एक मोठा कारखाना आहे, तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. भट्टीतच पाणी उकळायचे, त्या वाफेने चक्र फिरवायचे आणि वीज काढायची. कोळशाच्या केंद्रातही शेवटी वाफच चक्र फिरवते. म्हणजे तिकडे वाफेची वीज करायची, तारेवरून ती आणायची आणि आपण ओट्यावर तिची पुन्हा वाफ करायची! या द्राविडी प्राणायामात बरीच ऊर्जा वाटेत खर्ची पडते. तेव्हा “विजेचे म्हणजे स्वस्त” असे कोणी म्हणाले तर मान डोलावू नका. हिशेब करा. ८०० वॅटचे यंत्र अर्धा तास चालले तर ०.४ युनिट वीज लागते. आपल्या बिलावरच्या दराने गुणा आणि तेवढ्याच कामाला लागणाऱ्या गॅसशी ताडून पाहा. एकट्या अळूवडीसाठी यंत्र लावले तर ते महाग वाटेल. तिन्ही परड्या भरल्या तर तीच वीज तीन पदार्थांत वाटली जाते.

या परड्या भरण्याचेही शास्त्र आहे. ज्याला वेळ जास्त ते खाली, लवकर होणारे वर. मासळी करणाऱ्यांनी मासळी नेहमी सर्वांत खालच्या परडीत ठेवावी, म्हणजे तिचा रस वरच्या भाजीवर ठिबकणार नाही. पापलेटाला हिरवी चटणी लावून वसईच्या वाडीतल्या केळीच्या पानात गुंडाळले, तर तेलाच्या चमच्याशिवाय बारा-पंधरा मिनिटांत उत्तम होते. फरसबी, गाजर, फ्लॉवर यांना दहा-बारा मिनिटे, मोड आलेल्या मटकीला पंधरा, इडलीला बारा, मोदकांना बारा ते पंधरा, अळूवडीच्या उंड्यांना वीस, रताळ्याच्या फोडींना वीस-पंचवीस. पिकलेले राजेळी केळे सालीसकट दहा मिनिटे ठेवून वर तुपाची धार सोडली, की मुलांचा संध्याकाळचा प्रश्न सुटतो. परडीत केळीचे किंवा हळदीचे पान घालताना सगळी भोके झाकू नका. वाफेची वाटच अडली तर वरचे मोदक कच्चे राहतील आणि दोष पिठीला लागेल.

भाज्या पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतण्याची सवय असेल, तर स्टीमर एक चांगली गोष्ट करतो. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे, विशेषतः क जीवनसत्त्व, उकळताना पाण्याबरोबर निघून जाते. वाफेत ते त्या मानाने अधिक टिकते. भाजीचा रंगही राहतो. त्यासाठी भाजी शिजवावी, तिचा लगदा करू नये, हे अर्थातच आले.

काही कामे मात्र त्याच्यावर लादू नयेत. तुरीची डाळ, छोले, राजमा यांना प्रेशर कुकरच हवा. तेथे दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, स्टीमर शंभराच्या पुढे जात नाही. खमंगपणाही त्याला साधत नाही. अळूवडी उकडून देईल, पण तिला कुरकुरीत करायला तवा लागेलच. आणि मोदकांच्या बाबतीत एक गोष्ट सासूबाईंनी आधीच सांगितली असेल, “अगं, फुलवायचं काम बटण करणार आहे का?” नाही करणार. उकड काढणे, मळणे, पारी करणे, कळ्या पाडणे हे बोटांचे काम. यंत्र हाताची कला घेत नाही, फक्त हाताखालचा पहारा घेते.

दिवाळीच्या दिवसांत या यंत्राचे एक काम मात्र मनापासून सांगण्यासारखे आहे, कणकेची चकली. भाजणीला वेळ नसेल त्या घरी ही चकली वर्षानुवर्षे होत आली आहे. तीन वाट्या कणीक स्वच्छ, कोरड्या पंचात सैल बांधा आणि पुरचुंडी वरच्या परडीत पंचवीस मिनिटे ठेवा. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब पडतात, म्हणून पुरचुंडीवर आणखी एक जाड कोरडा कपडा घाला. बाहेर येते तेव्हा पीठ दगडासारखे घट्ट झालेले असते. घाबरू नका. हाताला सोसेल इतके निवले की लगेच फोडा, कुटा आणि चाळणीने चाळा. अगदी गार होऊ दिले तर फोडताना जीव जातो. त्यात तिखट, मीठ, हिंग, हळद, ओवा, तीळ घालून ताकात मळा आणि सोऱ्याने पाडून मध्यम आचेवर तळा. कणकेतला जो चिकट भाग पोळीला लवचिकपणा देतो, तो वाफेच्या उष्णतेने बसतो. त्यामुळे पीठ ओढले जात नाही आणि चकली वातड न होता खुसखुशीत होते. आजीला त्या चिकट भागाचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण पुरचुंडी ठाऊक होती.

आता चार सूचना. पहिली, तीन पायांची पिन आणि घरात खरीखुरी अर्थिंग असल्याशिवाय पाण्याचे कोणतेही विजेचे यंत्र लावू नये. दिवाळीच्या माळांसाठी ओढलेल्या लोंबत्या जोडवायरीवर तर मुळीच नाही. दुसरी, झाकण उघडताना ते आपल्यापासून पलीकडे तिरके करावे, म्हणजे वाफेचा लोट तोंडावर येत नाही. लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे. यंत्राच्या वर भिंतीतले कपाट असेल तर ते पुढे ओढून लावावे, नाहीतर लाकूड फुगते. तिसरी, बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या घरी टाकीत आणि सळीवर पांढरा थर बसतो. थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि वीज वाया जाते. दोन-तीन आठवड्यांनी टाकीत पाणी व थोडे लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून तासभर ठेवावे आणि यंत्र बंद असतानाच धुवावे. चौथी, मोदकपात्र मोडीत काढू नये. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात कशी काढली हे आठवत असेल, तर गॅसच्या शेगडीवर चढणारे एक भांडे फळीवर असू द्यावे. गणपतीच्या दिवशी वीज गेली म्हणून देवाला थांबवता येत नाही.

इतके झाल्यावर दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ. “पाडव्याला वहिनींना घेऊन जा!” पाडव्याला पत्नीने ओवाळायचे आणि पतीने तबकात काही घालायचे, ही आपली जुनी रीत. पूर्वी तबकात साडी पडे, ऐपतीप्रमाणे दागिना पडे. आता मिक्सर पडतो, इस्त्री पडते, यंदा कदाचित स्टीमर पडेल. वस्तू चांगली आहे, शंका नाही. पण तिच्यात शिजणार कोणासाठी? घरातल्या सर्वांसाठी. मग ती ओवाळणी एकटीची कशी?

सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी घरकाम करीत होत्या आणि त्यांचे रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. शंभर पुरुषांपैकी हात लावणारे २६ आणि त्यांची मिनिटे ९७. पुढची पाहणी २०२४ सालची. त्यात स्त्रियांची मिनिटे २८९ निघाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली आणि पुरुषांनी त्यातही आपली नऊ मिनिटे सोडवून घेतली! कुकर आले, मिक्सर आले, धुलाईयंत्रे आली आणि तरी बाईचे जवळजवळ पाच तास तेथेच आहेत. कारण यंत्राने एक काम हलके केले की त्या जागी दुसरे येऊन बसते. इडली सोपी झाली तर रोज इडली हवी, वाफेवरची भाजी सोपी झाली तर तिच्याबरोबर आणखी दोन प्रकार हवेत. यंत्र वेळ वाचवते, परंतु तो वेळ कोणाच्या नावावर जमा करायचा हे यंत्राला कळत नाही. ते घरातल्या माणसांनी ठरवायचे असते.

आणि स्टीमरच्या बाबतीत ते ठरवणे सोपे आहे. यात फोडणीचा अंदाज नाही, पोळी फुगण्याची भीती नाही, कणकेचा हात लागत नाही. भाजी चिरता येते, पाणी ओतता येते आणि घड्याळ वाचता येते, अशा कोणाही माणसाला ते चालवता येते. वालीवच्या गाळ्यात दिवसभर लाखमोलाचे यंत्र चालवणाऱ्या माणसाने घरी आल्यावर तीन परड्यांच्या यंत्रापुढे “मला यातलं काही कळत नाही बुवा” असे म्हणावे, हे शोभत नाही. बारा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा, दोघेही मोठ्यांच्या देखरेखीखाली ते शिकू शकतात. दोघेही, हे मुद्दाम म्हटले.

म्हणून पाडव्याला स्टीमर घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. मात्र तो घराच्या नावाने घ्या आणि तबकात दुसरे काही घाला. एक कागदाचा चिटोरा पुरे. त्यावर लिहा, “मंगळवार आणि शुक्रवार, सकाळचे डबे माझ्याकडे.” खाली सही करा, तारीख घाला. त्या दोन सकाळी परड्या तुम्ही भरायच्या, घंटी वाजली की तुम्ही उठायचे, आणि नंतर परड्या घासून पालथ्या घालायच्या त्याही तुम्हीच. तोवर तिने चहाचा पेला हातात घेऊन खिडकीशी बसावे, वर्तमानपत्र वाचावे किंवा सरळ आणखी चाळीस मिनिटे झोपावे. त्या वेळेत ती काय करते, हे तिला विचारू नये.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. पुढच्या आठवड्यापासून आपले नेहमीचे एक पान आहेच.